जँगोची दोन बोटं आणि आमची करंगळी

तोच फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. "जँगो राइनहार्ट. आगीत हात जळाला, दोनच बोटं उरली. कुणाकडे शिकला नाही. जिवंतपणी कुणी ओळखलं नाही. तरी जगातला सर्वांत मोठा गिटारवादक! आणि तुम्ही दहा बोटं असून कारणं सांगता." खाली हात जोडलेले.

मी धरमपेठेत रविवारी पोरांना गिटार शिकवतो. हे वाचल्यावर एकानं करंगळी लावणंच सोडलं. "सर, जँगोचं तर दोन बोटांत भागायचं ना!" म्हणून हा खटाटोप.

तर पहिली ती बोटं. जँगो हा पॅरिसमधला जाझ गिटारवादक. 1928 च्या नोव्हेंबरात त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं बनवायची, त्यांनी पेट घेतला. जँगो 18 वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली, तुटली नाही. सुटे सूर तो तर्जनी-मध्यमेनंच वाजवायचा, हे खरं. पण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे दोन-चार सूर, धरताना तीच आखडलेली बोटं खालच्या पातळ तारांवर टेकवायचा. ज्याची करंगळी वळत नव्हती तो तिला कामाला लावत होता, आणि आमच्या पोराची धडधाकट करंगळी सुट्टीवर.

दोन बोटांनी एका जागी बसून सगळे सूर हाती लागत नाहीत. म्हणून त्याच्या ताना गिटारच्या मानेवरून आडव्या धावतात. कधी एकच बोट घसरत अर्ध्या-अर्ध्या सुरांची अख्खी सरसर काढतं. आणि उजवा हात? तो शाबूत होता, त्यामुळे त्याच्यावर फॉरवर्ड निघत नाही. खरी करामत मात्र तिथंच ऐका. तार बदलली की प्लेक्ट्रम (तार छेडायची चपटी पट्टी) बहुधा वरून खाली, वजनानं. साथीला दोन गिटार, बास आणि स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, ड्रम नाहीच. एवढ्या गर्दीतून साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारचा सूर टोकदार बाहेर येतो तो या हातामुळे.

"कुणाकडे शिकला नाही." नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं, मान्य. पण पोरवयापासून तो बॅन्जो-गिटार घेऊन पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसत होता. 1928 मध्ये, आगीच्या आधीच, त्याच्या बॅन्जोचं रेकॉर्डिंगही झालं होतं. साथीला बसून इतकी वर्षं हात घासलेल्याला आपण 'शिकला नाही' म्हणतो काय, राजेहो?

"जिवंतपणी ओळखलं नाही" ही तर शुद्ध थाप. पॅरिसच्या हॉट क्लबचं, जँगो-ग्रापेलीचं ते पाच जणांचं पंचक 1934 मध्ये जमलं आणि युरोपभर गाजलं. 1940 मधली त्याची 'न्यूआज' ही धून जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये घरोघरी पोचली. 1946 मध्ये अमेरिकेतल्या जाझचा बडा बँडवाला ड्यूक एलिंग्टननं त्याला अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तर हा गडी उशिरा उगवला, अनोळखी माणसाला असले लाड परवडत नाहीत.

सर्वांत मोठा कोण, यावर मी भांडत नाही. ती फूटपट्टी माझ्याकडे नाही.

रविवारी कूलर बंद करून पोरांना जँगोचं 1953 मधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. इलेक्ट्रिक गिटार, बीबॉपकडे, म्हणजे तेव्हाच्या नव्या वेगवान जाझकडे, झुकलेलं वाजवणं. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला, वय 43. घामाघूम होऊन सगळे गप्प ऐकत होते. संपल्यावर करंगळीवाल्यानं विचारलं, "सर, यात बोटं किती?"

म्हटलं, ऐकून सांग. त्यानं परत लावायला लावलं.