तक्रार नाही म्हणजे घरच्यांनीच मारलं? थांबा जरा

अमेरिकेतल्या 'जेन डो' (ओळख न पटलेल्या बाईच्या बॉडीला तिथले पोलीस देतात ते नाव) केसेसवरचं ते फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेलच. म्हणणं काय, तर चौदा-सोळा वर्षांच्या पोरीची बॉडी सापडते, तीस-चाळीस वर्षं ओळख पटत नाही, मिसिंगची तक्रारही नाही, म्हणजे आईबापाला पर्वा नव्हती नाहीतर त्यांचाच हात होता. आणि वर, आपल्याकडे असं होत नाही म्हणे.

आधी पर्वा. टेक्ससमध्ये हंट्सविलजवळ 1 नोव्हेंबर 1980 ला हायवेच्या कडेला एका मुलीची बॉडी सापडली, नाव कळलं थेट 2021 ला, डीएनएवरून नातेवाईक शोधत शोधत. वय 14, घर मिनेसोटात. शाळा बुडवते म्हणून सरकारनेच तिला घरातून काढून ताब्यात घेतलेलं, त्यानंतर ती घरी आलीच नाही, फक्त डेन्व्हरहून आईला पत्र आलं की सज्ञान झाले की येते. आता पोरगी जिवंत आहे असं पत्रच हातात असताना त्या आईने हजार मैलांवरच्या टेक्ससमध्ये कुणाला जाऊन विचारायचं?

दुसरं, रेकॉर्ड नाही म्हणजे तक्रार केलीच नाही. अहो, त्या काळात टीनएजर गेला की पोलीस सरळ 'पळून गेला, येईल परत' म्हणून सोडून द्यायचे, 18 च्या आतलं मूल हरवलं तर तक्रार घ्यायला थांबायला लावायचं नाही हा तिथल्या केंद्र सरकारचा कायदा आला 1990 ला. शिकागोचा जॉन वेन गेसी घ्या, 33 पोरं मारली, त्यातल्या 8 जणांची नावंच माहीत नव्हती. एका 16 वर्षांच्या मुलाची आई 1979 मध्येच चौकशी करत होती पण दातांचं रेकॉर्ड नव्हतं, आणि तेव्हा ओळख पटवायची तर मुख्य आधार तोच. दुसऱ्याच्या घरच्यांना गेसीचाच संशय होता, तर डेंटिस्टने रेकॉर्ड नष्ट केलेलं! 2011 ला तिथले शेरीफ, म्हणजे पोलीस प्रमुख, टॉम डार्ट यांनी केस उघडून घरच्यांकडून डीएनए मागवले तेव्हा कुठे या दोघांची नावं लागली, डेंटिस्टवाल्याचं 2011 ला आणि त्या 16 वर्षांच्याचं 2017 ला. त्याच मोहिमेत एक जण फ्लोरिडात चक्क जिवंत सापडला, घरचे इतकी वर्षं धरून चालले होते की गेसीने मारला.

घरच्यांनीच केलं अशा केसेस असतात, नाही कोण म्हणतंय. पण त्यासाठी पुरावा लागतो, कोरा रकाना पुरत नाही.

आणि आपल्याकडे होत नाही? निठारी विसरलात का? नोएडा, 2006. पोरं हरवली म्हणून आईबाप पोलिसांकडे खेटे घालत होते आणि त्यांना हाकलून दिलं जात होतं, शेवटी डिसेंबरात नाल्यातून सांगाडे निघाले. पुढे मे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्याच, अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करा. लोक तक्रार करत नव्हते म्हणून नाही सांगितलं ते.