कॅपिटल अक्षरे ‘आपोआप’ येतात का?

लहान मुलांना इंग्रजी लेखन शिकवताना कॅपिटल अक्षरांच्या नियमांवर वेळ दवडू नये, असे बजावणारा एक संदेश पालकांमध्ये बराच फिरतो आहे. त्यातले युक्तिवाद चार आहेत: देवनागरीचे या अक्षरांवाचून अडत नाही, म्हणजे ती निव्वळ सजावट आहे, चूक झाली तरी फोन ती सुधारतो, नियम असंख्य आणि मनमानी आहेत, आणि वाचन वाढले की ते आपोआप येतात.

देवनागरीचा दाखला बिनतोड वाटतो खरा, पण ‘त्याने आशा सोडली’ या वाक्यात उमेद सुटली की आशा नावाची कोणी व्यक्ती, हे मराठी वाचकाला मागच्यापुढच्या मजकुरावरून ठरवावे लागते. इंग्रजीत हे काम बऱ्याच अंशी अक्षराचे रूप करते. मे, मार्च, रोज, बिल यांसारखा शब्द वाक्याच्या मध्ये आला, की तो महिना आहे की क्रियापद, मुलीचे नाव आहे की फूल, याची खूण पहिल्याच अक्षरात मिळते. शिवाय ज्या मुलाची पहिली लिपी देवनागरी आहे, त्याला एकाच अक्षराची दोन रूपे असतात ही कल्पनाच नवी असते. तेव्हा त्याला ती मुद्दाम शिकवण्याची गरज कमी नव्हे, उलट अधिकच आहे.

फोनचा मुद्दा फार वेळ टिकत नाही. पूर्णविराम दिसला की फोन पुढचे अक्षर मोठे करतो. पण लहान मुले नेमका पूर्णविरामच विसरतात आणि ‘अँड’ने वाक्याला वाक्य जोडत जातात. वाक्य कुठे संपले हे लिहिणाऱ्यानेच सांगितले नाही, तर यंत्राने काय सुधारायचे? वहीत पेन्सिलने लिहिताना तर तेवढीही मदत नसते.

नियम मनमानी आहेत, हे मात्र काही प्रमाणात मान्य करावे लागते. इंग्रजीत महिन्यांची नावे कॅपिटलने सुरू होतात, ऋतूंची सहसा होत नाहीत. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये महिने व वारही स्मॉल अक्षराने लिहितात, तर जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होते. इंग्रजीतही एके काळी सामान्यनामांना कॅपिटल देण्याची रीत होती. 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ती जागोजागी दिसते. पण संकेत मनमानी असला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, आणि सगळे नियम एकदम शिकवा असे कोणी म्हणतही नाही. अमेरिकेत 2010 साली जाहीर झालेल्या ‘कॉमन कोअर’ मानकांत बालवर्गासाठी दोनच अपेक्षा आहेत: वाक्याचा पहिला शब्द आणि ‘आय’ हे सर्वनाम. पहिलीत व्यक्तींची नावे व तारखा येतात, दुसरीत सण, उत्पादनांची नावे आणि भौगोलिक नावे, आणि शीर्षकांचा नियम थेट तिसरीत. (शीर्षकात कोणते शब्द लहान ठेवावेत, यावर मोठ्या संपादकांचेही एकमत नसते, त्यामुळे तो लांबणीवर टाकला हे बरेच झाले.)

‘आपोआप येतात’ हा दावा सर्वांत फसवा आहे, कारण तो सगळ्या चुका एकाच जातीच्या मानतो. शब्दाच्या मध्येच कॅपिटल ‘बी’ किंवा ‘डी’ लिहिणाऱ्या मुलाला नियम ठाऊक नसतो असे नाही. स्मॉल ‘बी’ आणि ‘डी’ आरशातल्यासारखे उलटसुलट होतात, म्हणून पुष्कळदा ते न गोंधळणारे मोठे रूप निवडते. वाचनाने हे सुटेलच असे नाही, कारण वाचताना लक्ष अर्थाकडे असते, अक्षर कसे काढायचे याकडे नव्हे. तिथे त्या दोन अक्षरांच्या वळणाचा सरावच हवा. ‘सी’, ‘ओ’, ‘एस’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’, ‘झेड’ यांची गोष्ट वेगळी: त्यांच्या दोन रूपांत जवळजवळ फक्त उंचीचा फरक असतो. कोऱ्या कागदावर मुलाने कोणते रूप लिहिले हे शिक्षकालाही सांगता येत नाही. चार रेघी वहीत ते लगेच दिसते.

प्रत्येक चुकीवर लाल शाई ओढली तर मूल लिहायलाच बिचकते, हे त्या संदेशातले एक वाक्य मला पटते. त्यासाठी नियम सोडण्याची मात्र गरज नाही. आधी मुलाला मनातले सगळे लिहू द्यावे. मग तोच मजकूर एकदा केवळ वाक्यांच्या सुरुवाती पाहण्यासाठी आणि एकदा केवळ नावे शोधण्यासाठी त्यालाच वाचायला सांगावा, आणि दुरुस्ती त्याच्याच पेन्सिलने होऊ द्यावी.