वाळवंटी रंगाची बाईक

बाईक घेतानाच रंग वाळवंटी घेतला इथेच माझं चुकलं. काळी घेतली असती तर बिचारी मुकाट डांबरावर चालली असती. पण साडेतीनशे सीसीची, जुन्या लष्करी वळणाची, गोल हेडलाईटवाली गाडी पार्किंगमध्ये पुसताना माणूस काय काय वाचतो, महायुद्धात इंग्रजांनी बीएसए एम२० मोटारसायकल आफ्रिकेच्या वाळवंटात पळवली वगैरे, आणि मग चिंचवडचा माणूस दापोलीजवळ कर्द्याच्या समुद्रकिनारी जातो.

खाली जाणाऱ्या लाल मातीच्या उतारावरच एकदा मागचं चाक माझ्या शेजारी येऊन गेलं, पण तो मी मोजत नाही. पक्याने स्कूटर वर डांबरावरच लावली आणि मोबाईल काढला. मित्र असावा तर असा.

अभ्यास माझा पक्का होता. वाळूत हवा कमी करायची म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही, म्हणून पुढे २२ मागे ३२ असलेली हवा मी किल्लीने व्हॉल्व दाबून अंगठ्याच्या अंदाजाने १५-१६ वर आणली (पंप घरी, गॅलरीत). नजर लांब, वजन मागे, थ्रॉटल सोडायचा नाही. पहिले वीस फूट मी राजा होतो. मग हँडल माझं ऐकेना, ते डावीकडे मी उजवीकडे, घाबरून थ्रॉटल सोडला, पुढचं चाक रुतलं, मग पिळला तर मागचं चाक जागच्या जागी फिरून विहीर खणायला लागलं आणि क्लचचा जळका वास. खाली उतरलो तर १९५ किलोची बाईक स्टँड न लावता ताठ उभी! इतकी सरळ तर ती शोरूममध्येपण नव्हती.

ढकलून बघितली, हलली नाही, मीच घोट्यापर्यंत गेलो. तेवढ्यात जाळं सोडून एक काका आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आज तिथी काय?"

म्हटलं काका, मुहूर्त कसला बघताय.

"षष्ठी हाय. पाऊणपट करा."

मी मोबाईलवर सहा गुणिले पॉइंट पंच्याहत्तर करेपर्यंत काका बोलले, "साडेचारला पूर्ण भरती." घड्याळात पावणेचार. वरून पक्या ओरडला, "सायलेन्सरकडे एक लाट येतेय रे, हलू नको, फ्रेम मस्त आहे!"

काकांनी गाडी सरळ आडवी पाडली. माझ्या पोटात कालवलं, टाकी तीन दिवसांपूर्वी पॉलिश केली होती. मग खड्डा पायाने वाळू ढकलून बुजवला, गाडी उभी केली, चाकाखाली फळी सारली आणि म्हणाले बसू नका, पहिल्या गिअरात टाकून बाजूनं चालत ऱ्हा, बैलासारखी. बैलासारखी म्हणजे मला की गाडीला ते विचारायचं राहिलं. पण निघाली! पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूतून तर शहाण्यासारखी चालली, जिथून मी मुळात जायला हवं होतं.

वर आल्यावर पैसे देऊ केले तर काका घेईनात, म्हणाले त्यापेक्षा बाजारापर्यंत सोडा. चांगला डांबरी रस्ता, टायर अर्धे बसलेले, मी वीसच्या स्पीडने. पहिलं वळण आलं तसा मागून खांद्यावर हात पडला.

"भाऊ, सावकाश हां. कडेला जरा वाळू हाय."