पाचव्या आवाजाचा गंधार

माझ्याकडे एक जुना जपानी सिंथेसायझर आहे. त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण चाळिशी उलटलेल्या वाद्याच्या दुखण्यांचा जाब त्याच्या जन्मदात्यांना विचारणे सभ्यपणाचे नव्हे. वाद्य अ‍ॅनालॉग आहे, म्हणजे त्याचा ध्वनी आकडेमोडीतून नव्हे, थेट विजेच्या सर्किटांतून घडतो; आणि ते पॉलिफोनिक आहे, म्हणजे त्यातून एका वेळी सहा स्वर निघतात, आणि प्रत्येक स्वरासाठी आत स्वतंत्र फिल्टर व अ‍ॅम्प्लिफायर असलेला एकेक ‘आवाज’ बसवलेला आहे. निदान माहितीपुस्तिकेत तरी सहा आहेत. माझ्या वाद्यातला पाचवा आवाज गेल्या पावसाळ्यात गेला.

तसे पाहिले तर हे वाद्य सुरू करणे हाच एक सोहळा असतो. ते जपानी बाजारासाठी बनलेले असल्यामुळे त्याला १०० व्होल्ट लागतात आणि मुंबई त्याला २३० देऊ करते; म्हणून मध्ये एक वजनदार ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो, जो पांढरी पाच आणि काळी चार यांच्यामध्ये कुठेतरी सूर धरून गुणगुणत बसतो. मग कोरसचे बटण दाबायचे. या वाद्यात प्रत्येक आवाजाला एकच ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारे सर्किट, आहे आणि त्याचा सूर डिजिटल घड्याळ सांभाळते, त्यामुळे वाद्य सुरात राहते, पण कोरडे वाटते. तो कोरडेपणा झाकण्यासाठी कोरस मूळ ध्वनीत त्याच्याच किंचित उशिरा येणाऱ्या, हेलकावणाऱ्या प्रती मिसळतो. त्यांच्याबरोबर तो एक अखंड ‘स्स्स’ही मिसळतो. तो ऐकून आई स्वयंपाकघरात जाऊन गॅस तपासते, आणि बंद असल्याची खात्री झाल्यावरही माझ्या दाराशी येऊन विचारते, “नक्की ना रे?”

हे सारे सोसायचे कशासाठी, तर नाचाच्या संगीतासाठी. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला आणि त्याच्या डिजिटल लखलखाटापुढे ही अ‍ॅनालॉग धुडे एकाएकी जुनाट दिसू लागली. स्टुडिओंनी ती काढून टाकली आणि शिकागो, डेट्रॉइट येथील ज्या तरुणांच्या खिशाला नवे काही परवडत नव्हते त्यांनी ती सेकंडहँड उचलली. हाऊस आणि टेक्नो हे नाचाच्या संगीताचे प्रकार ज्या सामग्रीवर उभे राहिले तीत या टाकाऊ मालाचा वाटा मोठा होता. कॉर्गच्या पॉलिसिक्स या वाद्यावर तर एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर, स्मरणात ठेवून ती एका बोटाने वरखाली सरकवण्याची सोय होती, आणि आळसाला एवढे सुरेल फळ क्वचितच आले असेल. रोलंडच्या अल्फा जुनो या सिंथेसायझरमधला एक ध्वनी युरोपातल्या रेव्हवाल्यांनी, म्हणजे रात्रभर नाचणाऱ्या मंडळींनी, १९९०च्या दशकाच्या आरंभी इतका वापरला की तो व्हॅक्यूम क्लीनरच्या नावाने, ‘हूवर’ म्हणून, प्रसिद्ध झाला. आता ही वाद्ये ज्याच्याकडे आहेत तो सांगेल ती किंमत असते, आणि बिघाडासाठी वेगळे पैसे घेतले जात नाहीत.

आता पाचव्या आवाजाकडे येतो. कळ दाबली की वाद्यातला प्रोसेसर तो स्वर ज्याचा क्रमांक असेल त्या आवाजाकडे सोपवतो. एक, दोन, तीन असे सहापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून. सहापैकी एखादा आवाज मुका असला तर तो सुटीवर गेलेल्या कारकुनाप्रमाणे आपल्या क्रमांकाचे काम पडू देतो आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. क्लबात वाजवणाऱ्या माझ्या मित्रासाठी मी जे गाणे करत होतो त्यात मिनिटाला १२० ठोके होते आणि प्रत्येक ठोक्यावर तीच मायनर कॉर्ड, म्हणजे सा, कोमल गंधार आणि पंचम. पहिल्या ठोक्याला पहिले तीन आवाज, दुसऱ्याला चौथा, पाचवा आणि सहावा. दर दुसऱ्या ठोक्याला गंधार गायब! उरतात ते सा आणि प. एक ठोका डेट्रॉइट आणि एक ठोका तानपुरा, असे आमचे गाणे चालले होते.

खालच्या मजल्यावर गाणे शिकवणाऱ्या बाई राहतात. आवाजाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण त्या दिवशी मात्र जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, “अरे, एकदा गंधार लावतोस, एकदा वर्ज्य करतोस. हा प्रकार तुला शिकवला कोणी?”

माझ्या बचावासाठी मी चरणजित सिंग यांना पुढे केले. १९८२ साली याच मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या गृहस्थांनी रोलंडचा आठ आवाजांचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बासचे यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. त्याच टीबी-३०३वर उभ्या राहिलेल्या शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसची पहिली तबकडी निघायला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता. आपल्याकडे त्या रेकॉर्डची कोणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या लोकांनी तोंडात बोटे घातली.

“पहिला राग कोणता?” बाईंनी विचारले.

“भैरव.”

“नाचायला भैरव?”

नाचणारी मंडळी उजाडेपर्यंत जागीच असतात, तेव्हा वेळ काही चुकलेली नाही, असे मी सांगितले. हे त्यांना पटले. गंधाराचे पटले नाही.

लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, एका कारागिराने वाद्य उघडून पाहिले आणि “हा माल आता येत नाही, साहेब,” एवढे बोलून झाकण पुन्हा लावले. दोष काळ्या रेझिनमध्ये बुडवलेल्या एका चिपचा असतो: संरक्षणासाठी दिलेले ते लेपनच वर्षानुवर्षांनी थोडीथोडी वीज वाहू देऊ लागते आणि आतले सर्किट गोंधळते. उपाय असा की चिप डिसोल्डर करून अ‍ॅसिटोनमध्ये भिजत ठेवायची आणि मऊ पडलेले रेझिन खरवडून काढायचे. अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातो, म्हणून भांडे काचेचे हवे, आणि आमच्या घरात झाकणाची रिकामी काचेची वस्तू एकच होती. यंदाचे कैरीचे लोणचे स्टीलच्या डब्यात का आहे, हे आई पाहुण्यांना माझ्यासमोर सांगते.

चिप परत बसवली आणि पाचवा आवाज बोलू लागला. गंधाराची खात्री करून घ्यायला बाई वर आल्या. मित्रही आला होता. कॉर्ड वाजू लागली. बाईंनी थोडा वेळ ऐकून विचारले, “स्वर ठीक आहे. बढत कधी करणार?” मी त्यांना समजावले की आमच्या संगीतात स्वर जागचे हलत नाहीत, फिल्टर हलतो, ही सरकपट्टी वर नेली की ध्वनीतले वरचे अंश मोकळे होत जातात आणि बंद दाराआडून येणारी कॉर्ड समोर येऊन उभी राहते.

बाईंनी पदर खोचला, पट्टीवर बोट टेकवले आणि विलंबितात सुरुवात केली. हीच पट्टी माझा मित्र मिनिटभरात उघडून ड्रम सोडतो. बाई केसाएवढ्या वर जात, तिथे थांबत, परत खाली येत. मध्यावर पट्टीत धूळ बसली असल्यामुळे तिथे ‘खर्र’ होते; बाईंनी ती जागा ओळखून दर वेळी तिच्या अलीकडूनच वळायला सुरुवात केली. ड्रम मशीनच्या बटणावर बोट ठेवून उभ्या असलेल्या मित्राचे एरवी एवढ्यात गाणे संपलेले असते.

“काकू, आता ठेका सुरू करू का?” त्याने शेवटी विचारले.

“थांब रे,” बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “अजून मंद्रातच आहोत आपण.”