‘भारतीय तत्त्वज्ञानात शंकेला जागा नाही’ म्हणे!

एक मजकूर सध्या फार फिरतो आहे. ‘पश्चिमेने तर्क केला, भारताने अनुभूती घेतली. आपली दर्शने म्हणजे साक्षात्कार, तिथे शंकेला जागा नाही. न्यायशास्त्र ही नुसती वाद जिंकण्याची कसरत. आणि परदेशी विद्यापीठांत हे शिकवणाऱ्यांना परंपरा ठाऊकच नसते.’ लोक तो अभिमानाने पुढे पाठवतात, याचे जास्त वाईट वाटते. भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिमल कृष्ण मतिलाल (१९३५–१९९१) आयुष्यभर याच समजुतीशी झगडले.

आधी शंकेचे पाहू. न्यायसूत्रे म्हणजे न्यायदर्शनाचा, भारतीय तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ. त्यातल्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ (विचाराचे विषय) मोजले आहेत. प्रमाण (ज्ञानाचे साधन), प्रमेय (ज्ञानाचा विषय) आणि लगेच तिसरा संशय! सूत्राच्या शेवटी निःश्रेयस, म्हणजे मोक्ष, आहे, हे खरेच. पण तिथवरची वाट संशय, वाद, हेत्वाभास (फसवे हेतू) यांतूनच जाते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने तर प्रमाणांनाच हात घातला: वस्तू प्रमाणाने सिद्ध होते, मग प्रमाण कशाने? मतिलालांनी १९८६च्या प्रत्यक्षज्ञानावरच्या ग्रंथात हा संशयवादी आणि नैयायिक (न्यायदर्शन मानणारा) यांना समोरासमोर आणले आहे.

‘कसरत’ म्हणणाऱ्यांनी अभावाचा, म्हणजे ‘नसण्या’चा, विचार जरूर वाचावा. मतिलालांचे १९६८चे पुस्तक त्यावरच आहे. जमिनीवर घडा नाही, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय कळते? नव्यनैयायिक (न्यायाच्या नंतरच्या शाखेचा विचारवंत) विचारतो: कशाचा अभाव, कुठे, आणि कोणत्या रूपाने? एखादा विशिष्ट घडा नसणे वेगळे, कुठलाच घडा नसणे वेगळे. मग पुढचा प्रश्न, घटाभावाचा अभाव म्हणजे घडाच का? बरेच जण हो म्हणत. नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणींनी तो स्वतंत्र अभाव मानला. इतका बारकावा केवळ समोरच्याला गप्प करायला कोणी उभा करत नाही.

राहिला परंपरेचा आक्षेप. मतिलाल कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात शिकवत होते, पंडितांकडे न्याय शिकून ते तर्कतीर्थ (न्यायातली पारंपरिक पदवी) झाले आणि मग हार्वर्डला संस्कृतचे प्राध्यापक इंगॉल्स यांच्याकडे पीएच.डी. केली. १९७६पासून अखेरपर्यंत ते ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचे ‘स्पॉल्डिंग प्राध्यापक’ होते. त्या पदावरचे पहिले प्राध्यापक राधाकृष्णन; त्यांच्या लेखनात भर अनुभूतीवर. मतिलालांनी तिथूनच प्रमाणचर्चा पुढे आणली.

इंग्रजी पुस्तके नकोत, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापलेला भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ काढावा आणि त्यात ‘अभाव’ पाहावा.