चिंच न तोडता मारायची असेल तर

काल संध्याकाळी बेल वाजली. शेजारच्या नव्या अपार्टमेंटचे दोघं, हातात अर्ज. कंपाउंडमधली चिंच वाळलीय, फांदी गाडीवर पडेल, तोडायचीय, शेजारी म्हणून तुमची सही पाहिजे. तर सांगलीत यापुढं बांधकाम काढणाऱ्यांनो, अनुभवाचं सांगतो, लिहून घ्या.

झाड तोडायचं नाही. तोडतात ते येडे. १९७५ चा वृक्ष कायदा आहे, २०२१ ला दुरुस्ती झाली, ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज, आणि तोडलं तर त्याच्या वयाएवढी रोपं लावायची. ऐंशी वर्षांची चिंच, ऐंशी रोपं लावणार कुठं, पार्किंगमध्ये? त्यापेक्षा ब्रोशरवर चिंचेचा फोटो छापा.

खडी, सळई, सिमेंटची पोती बुंध्यालाच टेकवा. सावली असते.

मिक्सर धुतलेलं पाणी पण तिथंच सोडा, झाडाला पाणी नको का?

पायाच्या फुटिंगला मुळं आडवी आली तर जेसीबीनं उपटा. करवतीनं सरळ कापली तर जखम भरते म्हणे. कशाला भरू द्यायची.

आता मुख्य काम, भराव. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून जो तो प्लॉट उचलतोय. उचला की, आमच्या पण घरात पाणी होतं, आम्ही पण माळ्यावर बसून दिवस काढलेत. पण म्हणून चिंचेच्या बुंध्याला तीन फूट मुरूम? आणि वर रोलर? मुळांना हवा लागते ओ, खाणारी-पिणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या पण बाहेर पसरलेली असतात, त्यांच्यावर मुरूम दाबला की गुदमरतात, बुंध्याची साल मातीत गाडली की कुजते, हे मी साइटवर जाऊन सांगितलं, फांद्यांच्या घेरात भराव टाकू नका, कडेनं दगडी भिंत घ्या, काम सुरू असेपर्यंत पत्रे मारून गाडी आत येऊ देऊ नका. पत्रे होते की! रस्त्याकडेला, जाहिरातीला. तर बिल्डर साहेब म्हणतात, काका, झाडाला नवीन माती मिळाली तर चांगलंच की. वर पेव्हर ब्लॉक बसवून दिले, पाऊस पण आत जायला नको.

यातली खरी गंमत म्हणजे झाड लगेच मरत नाही. पहिल्या वर्षी पालवी विरळ, दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले. तोवर पझेशन देऊन झालं, बिल्डर पुढच्या साइटवर, आणि चिंच आपोआप गेली. वाळलेलं झाड तोडायला परवानगी देत नाही, असं कोण म्हणणार?

२०२० ला मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड वाचवायला हायवेचा नकाशा बदलला तेव्हा याच गल्लीत सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. हायवे वळू शकतो, तुमचं पार्किंग चार फूट सरकत नाही? मी सांगत होतो तेव्हा गच्चीतून बघत होता की सगळे. फ्लॅट बुक केलेले तुम्हीच ना, एक जण तरी खाली येऊन बोलला का? भराव काढायला दोन दिवसांचं काम होतं. आता ऊन लागतंय, गाडी तापतीय, म्हणून माझ्या दारात? अर्ज कुठं द्यायचा तिथं द्या. माझी सही मिळणार नाही. आणि अर्जात कारण 'नैसर्गिकरीत्या वाळले' लिहिलंय ना, ते आधी खोडा.