१ कोटी ६० लाखांत १ चूक: पण मोजली कुणी?

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. मजकूर साधारण असा: मुंबईच्या अडाणी डबेवाल्यांना फोर्ब्सने सिक्स सिग्मा हे अचूकतेचं प्रमाणपत्र दिलं, १ कोटी ६० लाख डब्यांत त्यांची १ चूक होते, तीही कुठल्याही तंत्रज्ञानाशिवाय, मग स्मार्ट सिटीच्या संशोधनावर पैसे कशाला उधळायचे? डबेवाल्यांचं कौतुक मलाही आहे. म्हणून तर हे खटकतं.

आधी सिक्स सिग्मा. फोर्ब्स हे नियतकालिक आहे, ते असली प्रमाणपत्रं वाटत नाही. १९९८ साली त्यात डबेवाल्यांवर लेख आला, आणि तो लिहिणाऱ्या पत्रकारानेच पुढे सांगितलं की सिक्स सिग्मा हा शब्द मी वापरलाच नव्हता. शिवाय सिक्स सिग्मा म्हणजे १० लाखांमागे ३.४ चुका. त्या हिशेबाने १ कोटी ६० लाखांत ५४ चुका माफ. म्हणजे मेसेजमधले दोन दावे एकमेकांना ओळखतही नाहीत.

आणि ती १ चूक? डबेवाल्यांच्या प्रमुखांनी तोंडी अंदाज दिला होता: चूक जवळजवळ होतच नाही, झालीच तर दोन महिन्यांतून एखादी. पावणेदोन लाख डबे धरा, जाऊन-येऊन साडेतीन लाख फेऱ्या, दोन महिन्यांचे कामाचे पन्नासेक दिवस. त्रैराशिक मांडलं की आकडा दीड-पावणेदोन कोटींच्या घरात जातो. चुकांची नोंदवही कुठेच नाही. दुसऱ्याची भेंडी गुपचूप खाऊन डबा परत पाठवणारा या हिशेबात येणार कसा?

‘अडाणी’ या शब्दाचा तर रागच येतो. झाकणावर मधोमध मोठा आकडा असतो, तो डबा कुठल्या भागात जायचा ते सांगतो. कडेला बारीक अक्षरं-आकडे: पोचवणारा कोण, इमारत कुठली, मजला कितवा. रंग आणि खुणेवरून निघण्याचं स्टेशन कळतं. घरचा पत्ता मात्र नाही, कारण डबा उचलणारा माणूस रोज तोच आणि घरं त्याला पाठ. जे लक्षात राहतं ते लिहायचं नाही, हा शहाणपणा भल्याभल्या सॉफ्टवेअरवाल्यांना जमत नाही.

‘तंत्रज्ञानाशिवाय’ म्हणताना तर अख्खी लोकल विसरली जाते! मधला लांबचा पल्ला मारते ती लोकल, सायकल आणि हातगाडी दोन टोकांना. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबली आणि सव्वाशेहून अधिक वर्षांची ही सेवा बंद पडली. पुढे ऑफिसंच घरात आल्यावर डबेही घटले. माणसं तीच होती, खुणाही त्याच. फक्त खालचा रूळ सरकला.

राहिला संशोधनाचा प्रश्न. मेसेज ज्या हार्वर्ड छापाच्या कौतुकावर जगतो, ते कौतुकच मुळात संशोधनातून आलं: २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने या व्यवस्थेवर केस स्टडी काढली. त्या अभ्यासकांना चमत्कार दिसला नाही, रचना दिसली. ठरलेलं गिऱ्हाईक, ठरलेला रस्ता, गाडीच्या वेळेला बांधलेलं काम आणि प्रत्येक गटात दोन-तीन जादा माणसं, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन सांभाळायला.

शहराचा बाकीचा कारभार असा ठरलेला नसतो. बसला आज किती गर्दी होईल, रुग्णवाहिका कुठल्या नाक्यावर उभी ठेवावी, कचऱ्याची गाडी कुठल्या क्रमाने फिरवावी, इथे मागणी रोज बदलते. ते गणित झाकणावर रंगवता येत नाही, त्याला आकडेवारी आणि अभ्यास लागतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये १०० शहरं होती; त्यांतल्या कामांवर टीका करायला जागा भरपूर आहे, मीही करतो. पण डबेवाल्यांकडून खरंच काही उचलायचं असेल, तर पुढच्या टेंडरमध्ये कॅमेऱ्यांच्या संख्येशेजारी राखीव ड्रायव्हर किती, हा एक रकाना घाला.